रात्रीची नावं : प्रस्तावना

गावाच्या एसटी थांब्यावर डकवलेलं अखंड हरिनाम सप्ताहाचं पत्रक कधी नीट वाचून पाहा. पहाटे काकडा, सकाळी पारायण, सायंकाळी हरिपाठ, आणि मग ‘रात्रौ ९ ते ११ हरिकीर्तन, नंतर हरिजागर’. पहाटे, सकाळी, सायंकाळी हे शब्द आपण घरातही बोलतो. ‘रात्रौ’ कुणी बोलत नाही. कुठलीही आई मुलाला ‘रात्रौ लवकर घरी ये’ असं सांगत नाही. तरी कबड्डीच्या सामन्यांची जाहिरात असो, जागरण-गोंधळाचं आमंत्रण असो की पोलिसांचा पंचनामा, छापील मराठीत रात्र यायची ती बहुतेक वेळा ‘रात्रौ’ होऊनच येते.

पुष्कळ वर्षं मला वाटायचं, हा शब्द नुसता भारदस्तपणासाठी घातलेला असतो. मग संस्कृतच्या वर्गात ‘मति’ चालवायची पाळी आली. सप्तमीच्या एकवचनाशी ‘मत्याम्, मतौ’ अशी दोन रूपं आली आणि मी तिथेच थांबलो. त्याच चालीवर ‘रात्रि’चं काय होईल? ‘रात्र्याम्, रात्रौ.’ म्हणजे एसटी थांब्यावरचं पत्रक संस्कृतची सप्तमी जशीच्या तशी बोलत होतं. मराठीनं जुनी विभक्तिरूपं झिजवून, मोडून आपली वेगळी घडण केली त्याला हजार वर्षं होऊन गेली. हे एक रूप मात्र कीर्तनाच्या वेळेला चिकटून राहिलं, आणि ते छापणाऱ्या मुद्रकाला किंवा वाचणाऱ्या माळकऱ्याला त्यात काहीच परकं वाटत नाही.

हे पुस्तक तिथून सुरू झालं. ‘रात्र’ हा शब्द कुठून आला, त्याचे सोबती कोण, त्यांतले कोण टिकले आणि कुठे टिकले, याचा शोध घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. रात्रीची जुनी नावं आपण टाकून दिली असं वाटतं, पण ती नाहीशी झालेली नाहीत. जिथे कुणीतरी रात्रीचं जागं आहे, उपाशी आहे किंवा कामावर आहे, तिथे ती जाऊन बसली आहेत. रात्रीचे शब्द अंधाराविषयी थोडं आणि जागणाऱ्यांविषयी फार बोलतात. या लेखांमागे माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते पटवून देण्यासाठी वाचकाला आधी या क्षेत्राचा नकाशा दाखवला पाहिजे.

शब्दाचं मूळ शोधण्याची आपल्याकडची पहिली मोठी शाळा निरुक्तकारांची. वेदांतले अवघड झालेले शब्द गोळा करून ‘निघण्टु’ नावाची यादी तयार झाली आणि त्या यादीवर यास्कानं इसवी सनापूर्वी काही शतकं ‘निरुक्त’ लिहिलं. निघण्टूत रात्रीची २३ नावं आहेत. श्यावी, राम्या, दोषा, नक्ता, हिमा, ऊधः, पयः, घृताची. यादी वाचताना मी दोन ठिकाणी थबकलो. पहिलं म्हणजे, २३ नावांत ‘रात्रि’ नाही. असायचं कारणच नाही. ती नावं ज्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या शब्दानं समजावून द्यायची, तो शब्द रात्रि. त्या काळीही घरोघरचा शब्द तोच होता. दुसरं म्हणजे त्यातली ऊधः आणि पयः ही नावं. ऊधः म्हणजे गाईची कास, पयः म्हणजे दूध. रात्रीला दुभत्या गाईचं नाव का द्यावं? यास्काजवळ याला जुळणारं एक उत्तर आहे. ‘रात्रि’ची व्युत्पत्ती देताना तो म्हणतो, रात्री हिंडणाऱ्या जिवांना ती रमवते आणि इतरांना आपापल्या जागी स्थिर करते, म्हणून रम् धातूवरून रात्रि, किंवा देणे या अर्थाच्या रा धातूवरून, कारण रात्र दव देते. 

आजच्या भाषाशास्त्राच्या कसोटीवर यास्काच्या दोन्ही व्युत्पत्त्या टिकतीलच असं नाही. पण त्या नुसत्या कल्पनाही नाहीत. माणसानं रात्रीकडे कसं पाहिलं याची ती नोंद आहे. जी झोपवते तीच कुणाकुणाला हिंडायला लावते, हे त्यानं एका दमात सांगितलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या रात्रिसूक्तातही हेच आहे. तिथे रात्र असंख्य डोळ्यांनी पाहत येते, गाव निजतं, पाखरं घरट्यांत जातात. आणि तिच्याकडे मागणं काय, तर लांडग्याला आणि चोराला लांब ठेव. गाव झोपलेलं असलं तरी मागणारा जागा आहे.

यास्काच्याही आधीपासून एक वाद चालू होता, तो नव्या वाचकाला माहीत हवा. शाकटायनाचं मत असं, की सगळी नामं धातूंपासून झाली आहेत. गार्ग्याचं म्हणणं, सगळी नाहीत. यास्क शाकटायनाच्या बाजूचा. प्रत्येक शब्दाच्या पोटात एक क्रिया शोधायचीच, ही आपली सवय त्या बाजूनं आलेली आहे, आणि कीर्तनातल्या शब्दफोडीपर्यंत ती पोहोचली आहे. मला ती सवय आवडते. फक्त तिला पुरावा समजू नये, एवढंच माझं सांगणं असतं.

दुसरी शाळा कोशकारांची. अमरसिंहाच्या अमरकोशात रात्रीचे बारा पर्याय श्लोकांत बांधले आहेत आणि ते घोकून पिढ्यानपिढ्या संस्कृत शिकल्या. इथे कामाची पद्धत बदलली. मूळ कोणतं यापेक्षा पर्याय किती, याला महत्त्व आलं. त्रियामा म्हणजे तीन प्रहरांची. रात्रीचे प्रहर चार, पण सुरुवातीचा अर्धा आणि शेवटचा अर्धा दिवसाकडे मोजला की तीनच उरतात. निशीथिनी, जिच्यात निजतात ती. क्षणदा, विसाव्याचा किंवा उत्सवाचा क्षण देणारी. यामिनी, यामांची म्हणजे प्रहरांची. आज ही नावं कवितेत आणि मुलींच्या नावांत उरली असं आपण म्हणतो. पण यामाची राखण करणारा तो यामिक, आणि प्रहरावर जागणारा तो पहारेकरी. सोसायटीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या माणसाच्या कामाचं नाव ‘पहारा’, आणि ते प्रहराचंच घासलेलं रूप आहे.

रजनीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती मला स्वयंपाकघरात सापडली. रजनी हा शब्द रंगवणे या अर्थाच्या रञ्ज् धातूचा. जी सगळं रंगवून टाकते ती रजनी. आता आयुर्वेदाचा एखादा जुना पाठ उघडा. त्यात औषधांच्या यादीत ‘रजनी’ येते, ‘निशा’ येते, ‘निशाद्वय’ येतं. वैद्यांना विचाराल तर ते सांगतील : निशा म्हणजे हळद, निशाद्वय म्हणजे हळद आणि दारुहळद. अमरकोशही हळदीला रात्रीची नावं लागतात असं नोंदवतो. अंधाराचं आणि पिवळ्याधमक हळदीचं नाव एक कसं? दुवा रंगवण्याचा आहे. हळदीनं वस्त्र रंगतं, अंग रंगतं, तिला रजनी म्हटलं, आणि मग रजनीच्या पाठोपाठ तिच्या साऱ्या बहिणीही हळदीच्या घरी राहायला आल्या. अथर्ववेदात रजनी नावाची एक वनस्पती आहे. ती रात्री जन्मलेली, काळी, आणि तिला विनवणी आहे की अंगावरचे पांढरे डाग आणि पिकले केस तू रंगवून टाक. रात्र, झाड आणि रंग ही तिन्ही तिथे एकाच नावाखाली उभी आहेत. आमच्या आजीच्या मिसळणाच्या डब्यात हळदीची वाटी मधोमध असे. त्या वाटीला रात्रीचं नाव होतं हे कळल्यापासून मला तो डबा वेगळाच दिसू लागला.

तिसरी शाळा तौलनिक भाषाशास्त्राची. विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान मुळाचा विचार मांडला. १८१६ साली फ्रांझ बॉपनं क्रियापदांच्या रूपांवरून त्याला पद्धतशीर पाया दिला. या शाळेनं रात्रीसाठी एक मोठं कुटुंब उभं केलं. लॅटिनमध्ये नॉक्स, ग्रीकमध्ये न्यूक्स, जर्मनमध्ये नाख्ट, लिथुआनियनमध्ये नाक्तिस, रशियनमध्ये नोच, इंग्रजीत नाईट. इंग्रजीच्या लिपीत जी दोन मुकी अक्षरं आहेत ती एके काळी घशातून उच्चारली जात. जर्मननं तो उच्चार अजून ठेवला आहे. या सगळ्यांची संस्कृत बहीण रात्रि नव्हे. ती ‘नक्त’. ऋग्वेदात उषा आणि नक्त यांची जोडी एका समासात देवता म्हणून येते. रात्रि हा शब्द रात्र या अर्थानं युरोपातल्या बहिणींकडे नाही. तो पुढे आला आणि त्यानं नक्ताला मागे ढकललं.

पण नक्त संपलं का? चातुर्मासाचे नेम धरणाऱ्या घरात विचारा. एकभुक्त, नक्त, अयाचित, उपोषण. नक्त म्हणजे दिवसभर काही न खाता रात्री एकदा जेवायचं. श्रावणी सोमवार सोडताना दिवेलागणीनंतर पानावर बसणारी बाई जो शब्द वापरते, तो लॅटिनच्या नॉक्सचा आणि इंग्रजीच्या नाईटचा सख्खा नातेवाईक आहे. विद्यापीठांनी तो कोशात जपला, आणि तो रोज जगवला उपास करणाऱ्या बायकांनी.

याच कुटुंबावरून अलीकडे एक निरोप मोबाईलवर फिरतो. अनेक भाषांत रात्र म्हणजे ‘न’ अधिक आठ, असं त्यात मोठ्या आश्चर्यानं सांगितलेलं असतं. इंग्रजीत नाईट आणि एट, जर्मनमध्ये नाख्ट आणि आख्ट, स्पॅनिशमध्ये नोचे आणि ओचो, इटालियनमध्ये नोत्ते आणि ओत्तो. पुढे न म्हणजे अनंत, आठाचा आकडा आडवा केला की अनंत, असं काहीबाही जोडलेलं असतं. निरोप पाठवणाऱ्यांचं कुतूहल खरं असतं, म्हणून त्याला उत्तरही नीट दिलं पाहिजे. ते उत्तर आपल्या भाषेतच आहे. संस्कृतमध्ये रात्र नक्त, आणि आठ अष्ट. नक्तात ‘क्’ आहे, अष्टात ‘ष्’. मुळात हे दोन वेगळे ध्वनी होते. पश्चिमेकडच्या भाषांत ते दोन्ही ‘क’सारखे झाले, आणि पुढची झीज दोन्ही शब्दांत सारखीच झाल्यानं ते शब्द जुळ्यांसारखे दिसू लागले. संस्कृत, लिथुआनियन, रशियन यांनी ते वेगळे ठेवले. लिथुआनियनमध्ये रात्र नाक्तिस, आठ मात्र अश्तुओनी. आपला अष्ट-नक्त हा जोड साक्षीला उभा राहिला की तो निरोप तिथेच गळून पडतो.

इराणकडची बहीण तर आणखी जवळची. अमरकोशातली क्षपा अवेस्तात ख्शप् म्हणून आहे आणि फारसीत शब म्हणून. शब-ए-बरातमधली शब ती हीच. शबनम म्हणजे रात्रीचा ओलावा, अर्थात दव. यास्क म्हणाला होता, रात्र दव देते. फारसीनं ते वाक्य एका शब्दात बसवलं. मराठीत ती शबनम कार्यकर्त्यांच्या खांद्यावरची पिशवीही झाली, पण तो प्रवास वेगळा. अरबीतलं लैल आणि तमिळमधलं इरवु ही मात्र निराळ्या कुळांची नावं. लैला या नावात रात्र आहे, एवढं इथे सांगून पुढे जातो.

आता मराठीकडे. प्राकृतात रात्रीची रत्ति झाली आणि राइही झाली. रत्तिपासून आपली रात. हत्थचा हात, सत्तचे सात, तशीच रत्तिची रात. जोडाक्षर सुटलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. म्हणजे ‘रात’ ही घरात वाढलेली लेक आणि ‘रात्र’ ही संस्कृतमधून पुन्हा आणलेली. शिकलेल्या मराठीनं रात्र उचलली; लोकांच्या जिभेवर रात राहिली, ‘रातच्याला’ राहिली. समासांकडे पाहिलं तर ही वाटणी स्पष्ट दिसते. रातकिडा, रातराणी, रातवा, रातपाळी, रातोरात, रातांधळेपणा. हे सगळे शब्द जिवंत गोष्टींचे, कामाचे आणि शरीराचे. रात्रशाळा, मध्यरात्र, उत्तररात्र, अहोरात्र हे पाटीवर, पंचांगात आणि भाषणात शोभणारे. शब्द एकच, पण कुठल्या घरात ‘र’ची जोड राहिली आणि कुठल्या घरात झिजली, यात मराठी समाजाची चांगली ओळख होते.

इथे एक सावधगिरी. कोकणातल्या रातांब्यात रात्र नाही. प्राकृतात रक्ताचंही रत्तच झालं होतं आणि त्याचाही मराठीत ‘रात’ झाला. राता म्हणजे लाल. रातांबा हा लाल आंबा. दोन वेगळे शब्द झिजून झिजून एका उच्चारावर येऊन उभे राहिले. व्युत्पत्तीच्या नादात अशा जागी पाय घसरतात, माझाही एकदा घसरला आहे, आणि म्हणून या पुस्तकात फळांचा भाग मी तीनदा लिहून काढला.

मराठी शब्दांच्या मुळांचा अभ्यास फार जुना नाही, पण मोलाचा आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला आणि सुधारून १८५७ साली. त्यात बोलीतले, शेतातले, बाजारातले शब्द आले, म्हणून रात्रीचे गावाकडचे शब्द शोधताना अजूनही प्रथम तोच उघडावा लागतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी धातू आणि नावं यांवर आयुष्य वेचलं. त्यांची झेप पुष्कळदा पुराव्यापुढे जाते, पण त्यांच्या कानाला तोड नाही. ज्यूल ब्लॉखनं १९२० साली फ्रेंचमध्ये मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला आणि ध्वनींचे नियम कसोटीला लावले. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, कृ. पां. कुलकर्ण्यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ सालचा. टर्नरच्या तौलनिक कोशानं मराठीला तिच्या उत्तरेकडच्या बहिणींशेजारी बसवलं. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली आला, आणि शिलालेख, महानुभाव ग्रंथ, ज्ञानेश्वरी यांतली रूपं एका जागी मिळाली. या सगळ्यांच्या खांद्यावर मी उभा आहे.

मूळ शोधणं हा अभ्यासाचा एक अर्धा भाग. दुसरा अर्धा अर्थाचा, आणि तिथे रात्र फार लवचीक आहे. आपण दिवस मोजतो असं आपल्याला वाटतं, पण देवकार्यात आपण रात्री मोजतो. नवरात्र नऊ रात्रींचं. ती रात्र, पण ते नवरात्र. संख्या आधी आली की ‘रात्र’ नपुंसकलिंगी होते, हा संस्कृतचा नियम मराठीनं न विसरता पाळला. त्याहून गंमत खंडोबाच्या नवरात्राची. ते मार्गशीर्ष प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत, म्हणजे सहाच दिवसांचं. षड्‌रात्र म्हणायला हवं, पण जेजुरीला जाणारा माणूस नवरात्रच म्हणतो. आकडा विरून गेला आणि घट, माळ, अखंड दिवा हा अर्थ शिल्लक राहिला. रात्रींनी काळ मोजण्याची ही रीत आपल्यापुरतीच नव्हती. गॉल लोक काळ रात्रींनी मोजतात असं ज्यूलियस सीझरनं लिहिलं, जर्मनांबद्दल तेच टॅसिटसनं. आणि पंधरवड्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ चौदा रात्री.

प्रदोषाचंही असंच. प्रदोषव्रतानं दोष जातात असं लोक समजतात, आणि श्रद्धेच्या जागी ते ठीक आहे. शब्दाच्या जागी मात्र ‘दोषा’ म्हणजे रात्र, संध्याकाळ. निघण्टूच्या २३ नावांतलं एक. प्रदोष म्हणजे रात्रीचं तोंड. कालरात्रि ही देवी होती. मराठीत काळरात्र म्हणजे घरावर आलेला घाला. कोजागरीत तर प्रश्नच आहे, कोण जागं आहे?

मग रात्र सुरू कधी होते? पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसाचे. बेने इस्रायल मराठी घरांत शनिवारचा शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळीच लागतो. घड्याळाची तारीख मध्यरात्री बदलते. कायद्याची रात्र आणखी वेगळी. २०२४पर्यंत लागू असलेल्या १८६०च्या दंड संहितेत रात्रीची घरफोडी म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय यांमधली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र दहा ते सकाळी सहा. १९४८च्या कारखाना कायद्यानं स्त्रियांच्या कामावर मर्यादा घातली ती संध्याकाळी सातपासून. एकाच गावात, एकाच तारखेला, तीन वेगवेगळ्या रात्री पडतात.

हे कोरडं वाटत असेल तर माझ्यावर गुदरलेलं सांगतो. एकदा वडिलांना घेऊन निघायचं होतं. तिकिटावर १४ तारीख आणि वेळ ००.१५. आम्ही १४ तारखेला रात्री जेवून, डबे बांधून, साडेअकराला फलाटावर पोहोचलो. गाडी आदल्या रात्री निघून गेली होती. वडिलांनी तिकीट दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘पण ती तर तेराची रात्र होती.’ त्यांचं चुकलं नव्हतं. मराठी माणसाच्या मनात रात्र उजाडेपर्यंत चालते आणि ती आदल्या दिवसाची असते. दोन कालगणना एका कागदावर भेटल्या आणि दोघांच्या मधे आम्ही बाकावर बसून राहिलो.

या विषयाची निकड आज का वाटते, याची कारणं दोन. पहिलं, रात्रीचे तुकडे पाडणारे मराठीतले बारीक शब्द झपाट्यानं उतरणीला लागले आहेत. दिवेलागण, तिन्हीसांजा, कातरवेळ, निजानीज, अपरात्र, झुंजुमुंजु, फटफटणं. हे घड्याळाचे शब्द नव्हेत. उजेड कसा जातो, माणसं कधी निजतात, कोंबडा कधी आरवतो यांचे आहेत. महाराष्ट्रात सूर्य मावळल्यापासून पुरता काळोख होईपर्यंत सव्वा तासाच्या आसपास जातो, आणि तेवढ्या वेळासाठी आपल्याकडे चार-पाच शब्द होते. रस्त्यावरचे दिवे लागले की तो सव्वा तास दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याचं नाव मुलं शिकत नाहीत. ‘निजानीज झाली’ या दोन शब्दांत एका वाड्यातली, आळीतली सगळी माणसं साधारण एका वेळी झोपत असत हे गृहीत आहे. ती वेळ गेली, मग शब्द कशाला थांबेल? २०२४च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अंधार राखून ठेवायचा असतो हे आपण नुकतं मान्य करू लागलो आहोत. शब्दही राखून ठेवायचे असतात, हे मला त्याच्या जोडीला सांगायचं आहे.

दुसरं कारण कामाचं. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली तेव्हा ‘रात्र’ शब्दाला एक नवा अर्थ मिळाला. ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा होता, त्यांच्या शिकण्याची वेळ. विजेचे दिवे आल्यावर मुंबईच्या गिरण्यांचं काम रात्रीत घुसलं आणि रातपाळी हा शब्द लालबाग-परळच्या घराघरांत पोहोचला. पाळी म्हणजे आलटून पालटून येणारी. आज तुझी, पुढल्या आठवड्यात माझी. नाईट शिफ्टमध्ये तो वाटून घेण्याचा भाव नाही. विद्यार्थी ‘नाईट मारतात’, परिचारिकांना ‘नाईट लागते’, आणि झोपताना सगळे ‘शुभ रात्री’ लिहितात. आमच्या लहानपणी रात्री निरोप घेताना कुणी रात्रीला शुभ म्हणत नसे. ‘येतो’, ‘निजा आता’ एवढंच. मी या नव्या शब्दांना नाक मुरडत नाही. ‘नाईट लागली’ हे वाक्य पुरतं मराठी आहे. पाळी लागते, भूक लागते, तशी नाईट लागते. पण रातपाळी आणि नाईट शिफ्ट यांच्यामधे काय सांडलं, ते लिहून ठेवलं पाहिजे.

पुस्तकाचा बेत या सगळ्यातून ठरला. हा कोश नाही. वर्णानुक्रमे शब्द शोधू पाहणाऱ्याची निराशा होईल. एकेका लेखात एक शब्द किंवा एक जागा घेतली आहे, आणि शब्दाच्या मुळाशी जाऊन पुन्हा त्या जागी परत यायचा प्रयत्न केला आहे. मुळाबद्दल वाद असेल तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत आणि मला कोणती पटते ते सांगितलं आहे. सिनेमाची गाणी आणि आधुनिक कविता मुद्दाम बाजूला ठेवल्या. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पंचनामे, पत्रकं, उपासाचे नेम, पाण्याच्या पाळ्या यांवर फारसं कुणी लिहीत नाही.

शेवटचा लेख शेतातल्या रात्रीचा आहे आणि तो मला सगळ्यांत जवळचा आहे. पंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच मिळते. तेव्हा बॅटरी आणि फावडं घेऊन गव्हाला पाणी द्यायला जावं लागतं. याला दारं धरणं म्हणतात. एका वाफ्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं. जानेवारीतल्या थंडीत एका शेतकऱ्यासोबत मी बांधावर बसलो होतो. मोबाईलची बॅटरी संपलेली. वेळ किती झाली असेल, मी विचारलं. त्यांनी मान वर करून मृगाच्या पोटातल्या तीन चांदण्या पाहिल्या आणि म्हणाले, ‘तिकांडं खाली गेलं की लाइट जाईल.’ तिकांडं : ऐतरेय ब्राह्मणात प्रजापतीला लागलेल्या बाणाला जे ‘त्रिकांड’ नाव आहे, तेच. मी ते वहीत टिपून घेत होतो, तोवर ते उठले होते. वाफा भरला होता, पाणी बांध ओलांडायच्या बेतात होतं, आणि पुढचं दारं उघडायचं होतं.